ठाणे खाडीतला गाळ तपासायचा तर आधी काय ठरवावं?

ऐरोलीतल्या तुमच्या गटाने 'नमुने कुठून घ्यावेत' असं विचारलंय. पण त्याआधी नेमकं काय जाणून घ्यायचंय ते एका टेबलावर ठरवा. मासळी खाण्याजोगी आहे का, गाळ उपसला तर चालेल का, की प्रदूषण कुठून येतं? तिन्हींची तपासणी वेगळी. हे न ठरवता आणलेल्या बाटल्या प्रयोगशाळेच्या कपाटात पडून राहतात.

त्या टेबलावर कोळी बांधव पहिल्या दिवसापासून हवेत, निकाल ऐकायला शेवटी बोलावलेले नकोत. नाला कुठे सुटतो, उधाणाला चिखल कुठे सरकतो, निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) कुठून नाहीशा झाल्या, हे त्यांनाच ठाऊक. खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिथे वनविभागाच्या कांदळवन कक्षाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि एखादं कॉलेजही घ्या.

आता गाळाबद्दल. शिसं, पारा यांसारखे जड धातू बारीक चिकणमातीला चिकटतात, म्हणून वाळूचा नमुना चिखलाशी तसाच ताडून बघू नये. ६३ मायक्रॉनखालचा, म्हणजे अगदी बारीक कणांचा भाग वेगळा काढून तुलना करतात. वरचा थर अलीकडचं सांगतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या जुन्या कारखानदारीचा माग हवा तर नळी खोल रोवून गाभा, म्हणजे थरांसकट गाळाचा उभा नमुना, काढावा लागेल. आकडा जास्त आला म्हणजे विषारीच असंही नाही: प्राणवायू नसलेल्या काळ्या चिखलात सल्फाइड बरेच धातू बांधून ठेवतं, आणि उपसून उन्हात टाकला की तेच सुटू शकतात. म्हणून रसायनांसोबत गाळातले किडे-शिंपलेही मोजा.

आणि हो, एकच नमुना दोन प्रयोगशाळांत वाटून द्या. नंतरची भांडणं निम्मी होतात.