होडी धरली तर चालतंय काय?

"तयारी सगळी झालीय मॅडम, पण ऐन वेळी मला काहीतरी होतं."

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य इतक्या जणांनी म्हटलंय की ते सुरू झालं की शेवट मी मनातच पुरा करते. बारावीच्या पहिल्याच पेपरला अक्षरं पुसट दिसणारी मुलगी. एमपीएससीच्या मुलाखतीत आवाज बसलेला मुलगा. लायसन्स हातात असूनही दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला गाडी बंद पडेल म्हणून किल्लीलाच हात न लावणाऱ्या एक बाई. या सगळ्यांना मी अलीकडे एकच गोष्ट सांगते, शिरोलीच्या एका फौंड्रीवाल्यांची. त्यांनी हसत परवानगी दिली आहे. नाव-गाव ओळखू येणार नाही एवढा बदल मी केला आहे.

वय ४६. तरणेपणी तालमीत घाम गाळलेला माणूस. पुढं धंद्यात पडले, पोट सुटलं, साखर थोडी वर गेली. चाळिशीनंतर पळायला लागले, मग सायकल आली आणि मग ट्रायथलॉनचा नाद लागला. नाद म्हणजे आपल्याकडचा नाद. अंतर १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, त्यावर २१.१ किलोमीटर पळणं. एकूण ११३. हे एकाच दिवसात, एकापाठोपाठ एक. माझ्याच्यानं रंकाळ्याची एक फेरी होत नाही, त्यामुळे मी नुसती ऐकत होते.

पहिल्या स्पर्धेत ते तलावातून बाहेर काढले गेले होते. सायकलला हातही लागला नाही.

"मला पोहायला येतंय मॅडम. नववीत असताना विहिरीत शिकलोय. पर चारशेएक मीटर गेलो आणि छातीवर कोणतरी बसल्यागत झालं. श्वास आतच जाईना."

सगळ्यात आधी मी त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. हे ठळकपणे लिहिते, कारण पाण्यात छाती भरून येणं हे परस्पर 'मनाचं' म्हणून मिटवायचं लक्षण नाही. अशा स्पर्धांमधले दुर्दैवी मृत्यू बहुतेक वेळा पोहण्याच्याच टप्प्यात झालेले आहेत. ईसीजी आणि ट्रेडमिलची तपासणी व्यवस्थित निघाली, तेव्हाच आम्ही पुढं बोलायला बसलो.

आता माझी एक चूक सांगते. मी ज्या पद्धतीनं काम करते तिच्यात माणसाचं बालपण खणत बसण्यापेक्षा तो स्वतःशी कोणती वाक्यं बोलतो ते ऐकायचं असतं. वीस वर्षं मी तेच करत आलेय. तरीही 'विहीर' म्हटल्यावर मला मोह झाला. पाठीला बांधलेला डबा, कमरेचा दोर, वरून ढकलणारे चुलते, सगळं विचारून झालं. दोन बैठका त्यात गेल्या. विहीर निघाली, पण तिच्यात भीती काही निघाली नाही. उलट ते त्या आठवणींत इतके रमले की बैठक संपल्यावर माझ्याकडूनच पैसे घ्यावेत असं वाटत असावं.

मग मी मुकाट्यानं माझ्या रस्त्यावर आले.

"छाती भरून आली त्या क्षणापासून सांगा. मनात काय आलं?"

"झालं, संपलं, असं."

"मग?"

"होडीवरचं पोरगं जवळ आलं. काका, धरा म्हणालं."

"धरली?"

"नाही."

"का?"

माझ्याकडे त्यांनी असं बघितलं की जणू मी दुसऱ्या जिल्ह्यातून आलेय. "धरली की संपलंच की मॅडम. होडीला हात लावला म्हणजे पाठ टेकली."

"मग काय केलंत?"

"तसंच हातपाय मारत राहिलो मिनिटभर. मग जमेना. हात वर केला. वर काढलं त्यांनी."

मी वहीत 'पाठ टेकली' एवढंच लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. मला स्पर्धेतलं ओ का ठो कळत नव्हतं, आणि त्या दिवशी त्याचा फायदा झाला. मी खरोखरच अज्ञानातून विचारलं, "होडी धरली की बाद करतात, असा नियम आहे का?"

"असणारच की."

"वाचलाय?"

ते गप्प. फौंड्रीत कास्टिंगच्या प्रत्येक ऑर्डरचं ड्रॉइंग मिलिमीटरपर्यंत वाचणारा हा माणूस. सायकलच्या टायरमध्ये हवा किती, कितव्या किलोमीटरला केळं खायचं, सगळं कागदावर. आणि ज्या नियमानं ते हरले तो त्यांनी कधी वाचलाच नव्हता.

पुढच्या आठवड्यात ते नियमपुस्तिका घेऊनच आले. बसण्याआधीच टेबलावर ठेवली. एका ओळीला पिवळी खूण. दमलेल्या स्पर्धकाला थांबलेली होडी किंवा तरंगता फुगा धरून विश्रांती घेता येते, फक्त धरलेल्या अवस्थेत पुढं सरकायचं नाही. तसं पुढं गेलात तर बाद. मदत मागून बाहेर निघालात तर स्पर्धा संपली.

मी ती ओळ मोठ्यानं वाचली. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. ते हळूच म्हणाले, "म्हणजे धरली असती तर मी आत होतो. न धरता हात वर केला म्हणून बाहेर गेलो."

अशा वेळी समुपदेशकानं तोंड बंद ठेवावं. अवघड असतं ते, पण मी ठेवलं. त्यांचे डोळे भरले होते, आणि लगेच हसूही येत होतं.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, "तलावात उतरायच्या आधी सराव कुठं केलात?"

"टँकमध्ये. पंचवीस मीटरचा."

"१.९ किलोमीटर म्हणजे किती लांब्या?"

"७६."

"म्हणजे मध्ये ७५ वेळा भिंतीला हात किंवा पाय लागला. तेव्हा कितीदा पाठ टेकली?"

हा प्रश्न मला आजही आवडतो, लपवत नाही. पण खरं काम त्यांच्या पुढच्या वाक्यानं केलं. म्हणाले, "मातीतली कुस्ती मी पाण्यात घेऊन गेलो म्हणायचं." मग स्वतःच खाशाबा जाधवांवर आले. कोल्हापुरातल्या कुठल्याही तालमीतल्या माणसाला ते पाठ असतं: १९४८ ला लंडन ऑलिंपिकला खाशाबा पहिल्यांदा मॅटवर खेळले आणि सहावे आले, १९५२ ला हेलसिंकीला कांस्य आणलं. "मातीत चितपट झाली की झाली. मॅटवर गुण मोजत्यात. त्यांनी नवे नियम शिकून घेतले. मी आपलं जुनंच धरून बसलोय."

माझ्या अनुभवात 'ऐन वेळी काहीतरी होतं' याच्या मागे बहुतेकदा असा एक न छापलेला नियम असतो. पाण्याची, पेपरची किंवा मुलाखतीची भीती वरवरची. खरी भीती थांबण्याची. थांबलो म्हणजे हरलो, हे वाक्य आत बसलेलं असतं. मग धडधड झाली, जी नव्या ठिकाणी कुणालाही होते, की माणूस थांबून सावरत नाही, जोर लावतो. गढूळ पाणी, तळ दिसत नाही, आजूबाजूला लाथा मारणारे शंभर पाय. त्यात सुरुवातीलाच वेग घेतला की दम लागणारच. घाबरलेला माणूस श्वास घ्यायच्या नादात आधीचा पुरता सोडत नाही, म्हणून नवा आत मावत नाही. त्यांचा श्वास आत जात नव्हता तो त्यामुळे.

म्हणून मी कुणालाही 'घाबरू नका' असं सांगत नाही. घरच्यांनीही सांगू नये. न घाबरणं हाताबाहेरचं असतं आणि ते जमलं नाही की वर आणखी एक अपयश जमा होतं. त्याऐवजी तुमच्या प्रसंगाचे खरे नियम कागदावर काढा. त्या बारावीच्या मुलीला मी विचारलं, पेन खाली ठेवून दोन घोट पाणी प्यायला मनाई आहे का? चौथा प्रश्न आधी सोडवला तर गुण कापतात का? मुलाखतीत 'क्षणभर विचार करून सांगतो' म्हणणाऱ्याला बाहेर काढतात का? गाडी बंद पडली तर पुन्हा सुरू करता येते, मागचे दोन हॉर्न मारतील, कोल्हापुरात चार. एवढंच.

कागदावर पटलं म्हणजे अंगात भिनलं असं मात्र नव्हे. त्यासाठी थांबण्याचाही सराव लागतो. फौंड्रीवाल्यांना मी राजाराम तलावावर पाठवलं. एकटं नाही, त्यांच्या पोहणाऱ्या ग्रुपबरोबर, कमरेला नारिंगी तरंगता फुगा बांधून. काम एकच: दम लागो न लागो, मुद्दाम थांबायचं, फुगा धरायचा, दहा लांब उच्छ्वास सोडायचे, मग पुढं. पहिल्या दिवशी ते अकरा वेळा थांबले आणि चिडून फोन केला, "पोरं हसायला लागलीत." पाचव्या आठवड्यात म्हणाले, "मॅडम, थांबायचा कंटाळा यायलाय." मी फोन ठेवून स्वतःसाठी एक कडक चहा मागवला. भीतीच्या जागी कंटाळा आला की माझं निम्मं काम झालेलं असतं.

घरून विरोध होताच. "या वयात कशाला हवंय हे?" हा वहिनींचा प्रश्न चुकीचा नव्हता, आणि त्यावर आमची एक वेगळी बैठक झाली. तो विषय पुन्हा कधीतरी.

पुढच्या वर्षी ते परत उतरले. पोहायला १ तास १० मिनिटांची मर्यादा होती, ते ५८ मिनिटांत बाहेर आले. सायकल बरी गेली. पळताना पाय लाकडाचे झाले आणि शेवटचे सहा किलोमीटर चक्क चालले. मेडल दाखवायला आले तेव्हा माझ्या मनात एकच प्रश्न होता.

"होडी धरावी लागली?"

"धरली की. तिसऱ्या फुग्यापाशी."

"दम लागला होता?"

"छ्या. चांगला चाललो होतो." मग थोडे लाजले. "म्हटलं, धरून तर बघू, खरंच चालतंय काय. त्या पोराला विचारलं, बाद न्हाई न्हवं? ते म्हणालं, न्हाई काका, पर किती वेळ धरून बसतासा, जावा आता."