बिहारमधल्या मधेपुऱ्यात अल्स्टॉम ही फ्रेंच कंपनी भारतीय रेल्वेला फक्त इंजिनं बनवून देते का?

नाही, देखभालीचा भागही तिच्याकडे आहे. २०१५ च्या करारात १२,००० अश्वशक्तीची ८०० मालवाहू विद्युत इंजिनं (डब्ल्यूएजी-१२बी) आहेतच, शिवाय सहारनपूर आणि नागपूरचे देखभाल डेपोही आहेत. माझ्या मते खरी गोम इथेच आहे: जो बनवतो त्यालाच पुढे दुरुस्ती करायची असली की इंजिन टिकाऊ बनवण्यात त्याचाच फायदा. मधेपुऱ्याची कंपनीही निव्वळ परदेशी नाही, त्यात रेल्वेचा २६ टक्के हिस्सा आहे. मात्र रूळ, सिग्नल आणि वेळापत्रक रेल्वेच्याच हातात. प्रवासी गाड्यांना वाट देत मालगाडी लूप लाइनवर (मुख्य मार्गाशेजारच्या बाजूच्या रुळावर) उभी राहिली, तर १२,००० अश्वशक्ती काय कामाची? म्हणून ही ताकद स्वतंत्र मालवाहतूक मार्गिकांवर जास्त कामी येते.