पार्ट-टाइम काम शोधताना ऑनलाइन फसवणूक कशी ओळखायची?

काम देणाऱ्याने तुमच्याकडेच पैसे मागितले, मग ते नोंदणीचे असोत, ट्रेनिंगचे की डिपॉझिटचे, तर तिथेच थांबा. कारण सर्रास चालणारा प्रकार असा: टेलिग्रामवर अनोळखी मेसेज येतो, ‘व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या’, आणि पहिल्या दोन-तीन टास्कचे थोडे पैसे खरोखर खात्यात येतात. गळ इथेच लागतो. पुढच्या टास्कसाठी आधी रक्कम भरायला लावतात, स्क्रीनवर कमाई वाढताना दिसते, पण काढायला गेलं की ‘आधी टॅक्स भरा’. तो आकडा नुसता स्क्रीनवरचा असतो. तो सोडवायला आणखी पैसे अजिबात घालू नका. दुसऱ्याचे पैसे तुमच्या खात्यातून पुढे पाठवायचं ‘काम’ तर कधीच घेऊ नका, चोरीचा पैसा निघाला तर पोलीस आधी तुमच्याकडे येतील. कंपनीचं नाव खरं असलं तरी मेसेज तिचाच असेल असं नाही, म्हणून तिची वेबसाइट स्वतः शोधून तिथल्या ईमेलवर विचारा. फ्रीलान्स साइट झालेल्या कामाच्या मोबदल्यातून कमिशन कापतात, ते मात्र रीतसर असतं.