'निनावी' म्हणावं का?

तुमचा प्रश्न असा: ग्राहकांच्या खरेदीची माहिती 'अ‍ॅनॉनिमाइज' करून, म्हणजे ती कोणाची हे कळू नये अशी करून, दुसऱ्या कंपन्यांना द्यायच्या पद्धतींवर पेटंटं घेतली जातात आणि त्यावरून भांडणंही होतात. अशा मजकुराच्या भाषांतरात 'निनावी माहिती' चालेल का?

बातमीत चालेल. पेटंटच्या दाव्यात, म्हणजे शोधातलं नेमकं काय आपलं हे सांगणाऱ्या कलमांत, नको.

निनावी पत्र, निनावी फोन, निनावी तक्रार. नाव लपवणारा इथे स्वतः पाठवणाराच असतो. तुमच्या मजकुरात नाव होतं आणि ते तिसऱ्याच कुणीतरी काढलंय. 'अज्ञात' हा शब्द पोलिसांनी केव्हाच अडवलाय, 'अज्ञात इसमाविरुद्ध'. आणि 'बेनामी' चुकूनही नको! तिथे नाव असतंच, फक्त दुसऱ्याचं.

खरी गोम पुढे आहे. वाण्याची उधारीची वही घ्या. 'जोशीकाकू' खोडून 'क्र. 17' लिहिलं की नाव गेलं. पण दर चतुर्थीला अर्धा किलो साबुदाणा नेणारी 17 नंबरची कोण, हे अख्ख्या आळीला ठाऊक असतं. वही विकत घेणाऱ्या कंपनीला काकूंशी देणंघेणं नाही; आजचा साबुदाणा आणि परवाचं तूप एकाच खात्यावर गेलं, एवढं तिला कळलं की पुरे. म्हणून नंबर कायम ठेवतात. ही झाली 'टोपणनावी' माहिती. नंबरही काढून नुसता 'साबुदाणा, महिन्याला 40 किलो' एवढाच हिशेब उरला, तर ती 'ओळख पुसलेली'. युरोपात 2018 पासून लागू असलेला जीडीपीआर हा माहिती-संरक्षणाचा कायदा टोपणनावी माहितीला वैयक्तिक माहितीच मानतो. ते बरोबरच आहे. 2015 मध्ये 11 लाख लोकांच्या तीन महिन्यांच्या क्रेडिट कार्ड व्यवहारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नावं नसतानाही, कुठल्या दिवशी कुठल्या दुकानात, एवढे चार तपशील हाती असले की 90 टक्के माणसं वेगळी काढता येत होती.

एका शब्दासाठी एवढा घोळ कशाला, असं वाटेल. अमेरिकेतला मार्कमनचा खटला बघा. मार्कमनकडे ड्रायक्लीनिंगच्या दुकानातल्या नोंदी ठेवायच्या यंत्रणेचं पेटंट होतं, समोरच्या कंपनीची यंत्रणा नुसत्या पावत्यांचा हिशेब ठेवायची, आणि सगळं अडलं पेटंटमधल्या 'इन्व्हेंटरी' या शब्दावर. त्यात धुवायला आलेले कपडे धरायचे, की नुसत्या पावत्यांचा हिशेब पुरे? ज्यूरीनं मार्कमनच्या बाजूनं कौल दिला, न्यायाधीशांनी तो फिरवला: कपडे धरायलाच हवेत. पेटंटमधल्या शब्दाचा अर्थ न्यायाधीशानंच लावायचा, यावर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्कामोर्तब केलं. (आपण तिथे डोळे मिटून 'मालसाठा' लिहिलं असतं. गिऱ्हाइकाची पँट दुकानाचा माल कशी?)

तेव्हा प्रक्रियेला 'अनामीकरण' म्हणा, पण दाव्यात 'ओळख पुसणे' आणि 'टोपणनाव देणे' वेगवेगळं ठेवा. मुळातच संदिग्ध असेल तर सरळ 'अ‍ॅनॉनिमाइज' लिहून मोकळे व्हा. अर्थ लावायचे पैसे वकील घेतात, आपण नाही.