कारखान्याचा जुना नास (सगळ्यांच्या फायली नेटवर्कवरून पुरवणारी डिस्कांची पेटी) भरत आला आहे. मोठा नास घ्यावा की सगळे क्लाउडवर न्यावे?

तुम्ही प्रश्नात दिलेली माहिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे हे उत्तर कोणत्या परिस्थितीसाठी आहे ते इतर वाचकांनाही कळेल. वाहनांचे सुटे भाग बनवणारी तुमची कंपनी पाच वर्षांत ४० माणसांवरून १८० माणसांवर गेली आहे, दुसरे शेड सुरू झाले आहे, चार डिस्कांचा जुना नास ९४ टक्के भरला आहे, ड्रॉइंग उघडायला फार वेळ लागतो अशी डिझाइन विभागाची तक्रार आहे, आणि मालकांनी तुमच्यापुढे दोनच पर्याय ठेवले आहेत: १०० टीबीचा (टीबी म्हणजे टेराबाइट, सुमारे हजार जीबी) नवा नास किंवा सगळा डेटा क्लाउडवर. मी भोसरीतील एका मशिनिंग कंपनीत सतरा वर्षे संगणक आणि डेटा साठवण्याचे काम पाहतो. या काळात आम्ही स्टोरेज तीनदा बदलले आणि पहिल्या वेळी सपशेल चुकलो. त्या अनुभवावरून सांगतो की दोन्हींपैकी काहीही निवडण्याआधी तुम्हाला एक वेगळाच आकडा काढावा लागेल, तो म्हणजे कोणता डेटा किती तास हाताशी नसला तर तुमचे उत्पादन थांबते. टेराबाइटचा हिशोब त्यानंतरचा.

९४ टक्के हा आकडा मात्र हलका घेऊ नका. २९ ऑगस्ट २०२३ रोजी टोयोटाचे जपानमधील सर्व १४ जुळणी कारखाने थांबले होते, आणि त्याचे कारण डिस्कवरील अपुरी जागा हे होते. दोन दिवस आधीच्या नियमित देखभालीत डेटाबेसमध्ये साचलेला डेटा काढून तो नीट लावण्याचे काम चालू असताना जागा कमी पडली आणि सुट्या भागांच्या ऑर्डरी हाताळणारी यंत्रणा बंद पडली. पर्यायी व्यवस्था होती, पण ती त्याच यंत्रणेवर चालत असल्यामुळे तीही त्याच कारणाने कोसळली. अखेर जास्त जागा असलेल्या सर्व्हरवर डेटा हलवल्यावर दुसऱ्या दिवशी कारखाने सुरू झाले. आपल्यासाठी यातली महत्त्वाची गोष्ट अशी की साफसफाई करायलाही मोकळी जागा लागते. त्यामुळे जुन्या नासवर आज घाईघाईने काही पुसायला किंवा डेटाबेस लहान करायला जाऊ नका. आधी दोन मोठ्या बाहेरच्या डिस्क आणून सगळ्याची एक पूर्ण प्रत काढा, ती उघडते का ते पाहा, आणि मगच पुढे जा.

त्यानंतर दोन दिवस काढून प्रत्येक मुख्य फोल्डरचा आकार, त्यातील फायलींची संख्या आणि शेवटचा बदल झाल्याची तारीख यांचा तक्ता करा. ट्रीसाइझसारखे छोटे सॉफ्टवेअर हे काम एका रात्रीत करते. आमच्याकडे हा तक्ता पहिल्यांदा झाला तेव्हा एकूण ११ टीबीपैकी जवळजवळ ७ टीबी तपासणी कॅमेऱ्यांचे फोटो निघाले, दीड टीबी सीसीटीव्हीचे चित्रीकरण निघाले (कोणीतरी ‘तात्पुरते’ म्हणून ठेवलेले, तेही तीन वर्षांपूर्वी), आणि ड्रॉइंग, सीएनसी प्रोग्रॅम (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या सूचना), खरेदीचे कागद, ईआरपी (खरेदी, साठा, हिशेब सांभाळणारे सॉफ्टवेअर) हे सगळे मिळून दीड टीबीसुद्धा नव्हते. ज्याच्यावर कारखाना चालत होता तो डेटा शर्टाच्या खिशातल्या डिस्कवर मावला असता. आम्ही मात्र सगळ्याला एकाच मापाने मोजून एकच मोठा डबा मागत होतो.

कॅमेऱ्याच्या फोटोंचा हिशोब तर कागदावर करूनच पाहा. ५ मेगापिक्सेलचा कृष्णधवल कॅमेरा एका फोटोला, कॉम्प्रेस न करता, सुमारे ५ एमबी घेतो. एका भागाचे चार फोटो आणि दिवसाला ६,००० भाग धरले तर रोज १२० जीबी होतात आणि वर्षाच्या ३०० कामाच्या दिवसांत ३६ टीबी. म्हणजे अशी एकच लाइन तुमचा प्रस्तावित १०० टीबीचा नास तीन वर्षांच्या आत भरून टाकेल, आणि तुम्ही तर दुसरे शेड सुरू केले आहे. हा प्रश्न स्टोरेजने सुटत नाही, तो क्वालिटी विभागाशी बसून सोडवावा लागतो. आम्ही नापास भागांचे फोटो पूर्ण मुदतीसाठी ठेवतो, पास भागांचे फोटो ९० दिवसांनी जातात, आणि त्यांचा निकाल व अनुक्रमांक तेवढा डेटाबेसमध्ये राहतो. ग्राहकाची अट वेगळी असू शकते, म्हणून हा निर्णय क्वालिटी प्रमुखांच्या सहीने लेखी घ्या. आयटीने परस्पर काहीही पुसू नये.

काय पुसता येत नाही हेही याच बैठकीत ठरते. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे ठेवावी लागतात, आणि त्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज असला पाहिजे असा लेखा नियमांचा दंडक आहे. वाहन उद्योगाच्या गुणवत्तेचे आयएटीएफ १६९४९ प्रमाणपत्र असेल तर पीपॅपची (उत्पादनाआधी ग्राहकाने भाग मंजूर केल्याची) कागदपत्रे, टूलिंगच्या नोंदी आणि डिझाइनच्या नोंदी तो भाग उत्पादनात आणि सेवेत आहे तोपर्यंत, आणि त्यावर एक कॅलेंडर वर्ष जपाव्या लागतात. एखादा भाग पंधरा वर्षे चालला तर त्याची नोंद सोळा वर्षे. अशा नोंदी जागा फार खात नाहीत, पण हरवल्या तर ऑडिटमध्ये उत्तर नसते.

आता डिझाइन विभागाची तक्रार. ड्रॉइंग सावकाश उघडण्याचा आणि नास भरण्याचा संबंध वाटतो तेवढा नसतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत होते, त्यामुळे हवी ती जागा डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली येण्याची सरासरी वाट ४ मिलिसेकंदांहून थोडी अधिक असते. डोके सरकण्याचा वेळ त्यात मिळवला की अशी डिस्क सेकंदाला साधारण ८० ते १०० सुटी वाचने करू शकते. एक असेंब्ली (अनेक भाग जोडलेले ड्रॉइंग) उघडताना सॉफ्टवेअर शेकडो पार्ट फायली हाताळते, आणि सकाळी साडेनऊला आठ जण एकदम असेंब्ली उघडतात. तुम्ही १०० टीबी हार्ड डिस्क आणल्या तरी या तक्रारीत फार फरक पडणार नाही. ड्रॉइंग, सीएनसी प्रोग्रॅम आणि ईआरपी यांच्यासाठी एसएसडीची (न फिरणाऱ्या, वेगवान डिस्कांची) जोडी, एकावरचे सारे दुसऱ्यावर जसेच्या तसे उतरेल अशी, स्वतंत्र घ्या. चार टीबी तुम्हाला काही वर्षे पुरेल. सोबत नेटवर्कही पाहा: १ गिगाबिटची लाइन सेकंदाला फार तर ११० ते ११५ एमबी नेते, आणि तांब्याची केबल १०० मीटरच्या पुढे भरवशाची नाही, म्हणून दोन शेडमध्ये फायबरच टाका. आमच्याकडे १३० मीटरची केबल दोन वर्षे ‘चालत’ होती, आणि ती दोन वर्षे आम्ही सर्व्हरला शिव्या देत होतो.

ईआरपीबद्दल एक सावधगिरी. कंपनी लहान असताना बसवलेले ईआरपी बहुधा एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या मोफत एक्स्प्रेस आवृत्तीवर असते, आणि २००८ आर२ पासून २०२२ पर्यंतच्या त्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. ती गाठली की डिस्कवर कितीही जागा मोकळी असली तरी नवी नोंद होत नाही. तुमचा डेटाबेस किती जीबीचा आहे हे आजच पाहून घ्या.

आमची पहिली चूक सांगतो. २०१३ मध्ये आम्ही चार डिस्कांचा नास रेड ५ वर (रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र वापरून एखादी बिघडली तरी डेटा टिकवण्याची पद्धत) बसवला होता, चारही डिस्क एकाच दिवशी एकाच खोक्यातून काढलेल्या. एका शनिवारी संध्याकाळी एक डिस्क गेली. नवी घातली, तिच्यावर गेलेल्या डिस्कच्या डेटाची पुनर्बांधणी सुरू झाली, आणि रविवारी दुपारी ती ६० टक्क्यांवर असताना दुसरी डिस्क गेली. रेड ५ एकच डिस्क गेलेली सोसते, त्यामुळे सगळा डेटा गेला. बॅकअप होता, पण बॅकअपची यूएसबी डिस्क १९ दिवसांपूर्वी भरून बॅकअप थांबला होता, आणि तशी सूचना देणारी मेल नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या खात्यात जात होती. ते १९ दिवस आम्ही शिफ्टच्या कागदी नोंदींवरून पुन्हा टाइप केले. तेव्हापासून मोठ्या डिस्कांना रेड ६ (दोन डिस्क गेलेल्या सोसणारी पद्धत) वापरतो, एसएमआर पद्धतीच्या (नोंदींचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) डिस्क रेडमध्ये घालत नाही कारण त्यांची पुनर्बांधणी फारच रेंगाळते, आणि बॅकअपची सूचना तीन माणसांना जाते. रेड हे बॅकअप नाही, हे वाक्य मी त्याआधीही ऐकलेले होते.

बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून पूर्ण तुटलेली असली पाहिजे. २७ जून २०१७ च्या नॉटपेट्या या सायबर हल्ल्यात मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज वाहतूक समूहाचे संगणक जगभर बंद पडले आणि न्हावा-शेवा बंदरातील त्यांच्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. त्यांचे सारे डोमेन कंट्रोलर (नेटवर्कवरील वापरकर्ते आणि पासवर्ड सांभाळणारे सर्व्हर) पुसले गेले. वाचला तो फक्त घानामधला एक, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कवर नव्हता. इतक्या मोठ्या कंपनीला वीज जाण्याने वाचवले, हे आपल्या एमआयडीसीत बसून वाचताना गंमत वाटते. पण तिथे योगायोगाने एक प्रत नेटवर्कबाहेर राहिली, ते काम आपण ठरवून करायचे असते. आमच्याकडे दोन डिस्क आळीपाळीने दर आठवड्याला लेखा विभागाच्या लोखंडी कपाटात जातात. शिवाय दर तीन महिन्यांनी एक असेंब्ली आणि ईआरपीचा एक बॅकअप रिकाम्या संगणकावर परत उतरवून घड्याळ लावतो. मालकांना मी ‘दोन तासांत उभे करू’ असे सांगत असे. पहिल्या चाचणीला नऊ तास लागले.

क्लाउडच्या पर्यायाचा निर्णयही या घड्याळानेच होतो. तुमची इंटरनेटची लाइन १०० मेगाबिटची असेल तर पूर्ण वेगाने चालूनही १ टीबी जायला २२ तास लागतात, आणि २० टीबीला साडेअठरा दिवस. परत आणतानाही तेवढेच, वर डेटा बाहेर काढण्याचे वेगळे बिल. रोजची ड्रॉइंग तिथे ठेवून शेडमध्ये उघडणे मला व्यवहार्य वाटत नाही, कारण इंटरनेट गेले की टूलरूम रिकामी बसेल. मात्र ईआरपी, हिशेब आणि ड्रॉइंग यांच्या बॅकअपची रोजची एक प्रत, ठरावीक दिवस कोणालाही पुसता येणार नाही अशा कुलूपबंद स्वरूपात, क्लाउडवर जरूर ठेवा. मुंबई आणि पुण्यात मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रे आहेत, त्यामुळे डेटा देशाबाहेर जाण्याचा मुद्दा उरत नाही.

तेव्हा मालकांना तिसरा पर्याय द्या: एसएसडीची ४ टीबीची जोडी, फोटो आणि जुन्या फायलींसाठी ८ टीबीच्या सहा डिस्कांचा रेड ६ नास, नेटवर्कपासून तोडलेल्या दोन बॅकअप डिस्क आणि क्लाउडवर फक्त बॅकअप. रेड ६ मध्ये दोन डिस्कांची जागा सुरक्षेला जाते, म्हणून सहांतून ३२ टीबी मिळतात. विंडोजची मोजण्याची पद्धत वेगळी असल्याने ते २९ च्या आसपास दिसतील, आणि ८० टक्क्यांच्या पुढे भरायचे नसल्यामुळे तुमच्या हाती २३ धरा. फोटोंचे धोरण ठरले नाही तर हेही वर्षात भरेल, हे त्याच प्रस्तावात लिहून ठेवा.

बदलण्याचा दिवस निवडताना आमच्यासारखे फसू नका. गुरुवारी आमच्या भागातील कारखान्यांना सुट्टी, म्हणून आम्ही गुरुवार ठरवला. आणि गुरुवारीच महावितरण देखभालीसाठी वीज बंद ठेवते, हे सकाळी दहाला आठवले. डेटाची मोठी प्रत आधीच्या आठवड्यात रोबोकॉपीने (विंडोजमधली फायली उतरवण्याची आज्ञा) करून ठेवा आणि त्या दिवशी फक्त फरक उतरवा. ‘मिरर’चा पर्याय वापरताना स्रोत आणि लक्ष्य दोनदा तपासा, उलटे दिले तर तो रिकाम्या डिस्कची तंतोतंत प्रत बनवतो. ड्राइव्हचे अक्षर तेच ठेवा, नाहीतर असेंब्लीतील दुवे तुटतात. जुन्या विंडोज एक्सपीवर चालणारे सीएमएम (भागांची मापे घेणारे यंत्र) किंवा सीएनसीचे संगणक एसएमबीची (नेटवर्कवर फायली देण्याघेण्याच्या भाषेची) पहिली आवृत्ती बोलतात आणि नवे नास ती बंद ठेवतात, त्यामुळे सोमवारी मोजमापांचे अहवाल कुठेच पोचत नाहीत. त्यांच्यासाठी ती आवृत्ती सगळीकडे चालू करण्यापेक्षा मधे एक वेगळा, बाकी नेटवर्कपासून तोडलेला संगणक ठेवा.

जुना नास लगेच भंगारात देऊ नका. तो फक्त वाचता येईल असा करून किमान एक महिनाअखेर आणि एक ऑडिट होईपर्यंत चालू ठेवा आणि त्याच्या लॉगवर (कोण काय वाचते-लिहिते याच्या आपोआप होणाऱ्या नोंदींवर) नजर ठेवा. आमच्याकडे बदलानंतर तेविसाव्या दिवशी त्या लॉगमध्ये दर दहा मिनिटांनी लिहिण्याचा एक फसलेला प्रयत्न दिसला. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीचा तापमान नोंदवणारा छोटा रेकॉर्डर होता तो. कोणीतरी फार पूर्वी त्यात नासचा आयपी पत्ता थेट भरून ठेवला होता, आणि त्याची नोंद कोणत्याही तक्त्यात नव्हती. सुदैवाने रेकॉर्डरच्या आत ४५ दिवसांची मेमरी होती.