तुमचे प्रश्न : गोल गोठा कशासाठी?

प्रश्न : अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात 'रूट ६६' या जुन्या महामार्गावरून जाताना आर्केडियाला एक लालभडक गोल गोठा दिसला. थांबायला वेळ नव्हता. गोठा गोल बांधून फायदा काय? आणि फायदा असेल, तर आता तसे का बांधत नाहीत? परतताना थांबावं का?

उत्तर : थांबाच. इमारतींच्या सांगाड्यांची आकडेमोड करण्यात माझं आयुष्य गेलं. तरी त्या माळ्यावर चढलो तेव्हा पाच मिनिटं मान वर करून नुसता उभा होतो. व्यास ६० फूट आणि मध्ये एकही खांब नाही!

आधी हिशेब बघा. ६० फुटी गोलाचा घेर सुमारे १८८ फूट, आतली जागा २,८०० चौरस फुटांच्या वर. तेवढीच भिंत चौकोनात उभारली, तर एक बाजू ४७ फूट आणि जागा जेमतेम २,२०० चौरस फूट. भिंत तेवढीच, जागा सव्वापटीहून जास्त.

शिवाय कष्ट वाचतात. मॅसॅच्युसेट्समध्ये हॅनकॉकला शेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १८२६ मध्ये दगडी गोल गोठा बांधला. वैरणीची गाडी वरच्या मजल्यावर शिरे, मधल्या ढिगावर वैरण टाकत गोल फिरे आणि आल्या दारानेच बाहेर पडे. घोडे मागे रेटायला नकोत. खाली गाई त्याच ढिगाकडे तोंड करून बांधलेल्या.

मग हे गोठे मागे का पडले? चौकोनी गोठ्याला गरज पडेल तसे दोन खण जोडता येतात. गोलाला कुठून जोडणार? त्यात यंत्रं आली, त्यांना सरळ रांगा सोयीच्या. आणि वाकवलेलं लाकूड म्हणजे सुताराची परीक्षाच. आर्केडियाचा गोठा विल्यम ओडोर यांनी १८९८ मध्ये बांधला, तो ओकच्या ओल्या फळ्या भिजवून, साच्यात अडकवून वाकवत. १९८८ मध्ये त्याचं छप्पर कोसळलं. स्वयंसेवकांनी, त्यात निवृत्त माणसंच बरीच, ते पुन्हा उभारलं आणि १९९२ मध्ये गोठा लोकांसाठी खुला झाला. त्या वयात त्या उंचीवर काम करणं काय असतं, ते मला ठाऊक आहे.

माळ्यावर गेलात की छपराइतकीच पायाखालची जमीनही बघा. बांधकामावरच्या तीन तरुणांनी ओडोरना गळ घातली होती, की इथे नाचता येईल असं कठीण, गुळगुळीत लाकूड घाला, खर्चातला फरक आम्ही भरतो. त्यांनी तो भरला, आणि गोठ्याच्या माळ्यावर खरोखरच नाच रंगले.