पहिल्या हौशी सायकल रेसला काय घालावं? लायक्रा सक्तीचा असतो का?

प्रश्न थोडक्यात असा: "नाशिकला राहतो, वय 38. महिन्याभराने, डिसेंबरात, त्र्यंबक रोडला 50 किलोमीटरची हौशी रेस आहे, त्यात पहिल्यांदाच उतरतोय. घट्ट कपडे घालावेच लागतात का? पोट सुटलंय, संकोच वाटतो. मित्राने टूर द फ्रान्सची पिवळी जर्सी दिलीय, ती चालेल का? कपड्यांची आणखी काही रीतभात असते का?"

घट्ट कपडे, म्हणजे अंगाला चिकटून बसणारा ताणला जाणारा लायक्रा, सक्तीचे नाहीत. हेल्मेट सक्तीचं आहे. पिवळी जर्सी त्या दिवशी घरी ठेवा. आता कारणं सांगतो, कारण ती कळली नाहीत तर ऐनवेळी थंडीत, घाईत माणूस नेमकं चुकीचं काहीतरी अंगावर चढवतो.

हेल्मेटपासून सुरू करतो. कोणताही जबाबदार आयोजक हेल्मेटशिवाय तुम्हाला स्टार्ट लाइनवर उभं करणार नाही. व्यावसायिक रेसमध्येसुद्धा ही सक्ती फार जुनी नाही. 1991 मध्ये तसा नियम आणला तेव्हा रायडर्सनीच विरोध करून तो हाणून पाडला होता. मग मार्च 2003 मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं, दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याच वर्षी यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, हेल्मेट बंधनकारक केलं. हनुवटीखालचा पट्टा दोन बोटं जातील इतकाच सैल ठेवा. लोंबत्या पट्ट्याचं हेल्मेट पडताना डोक्यावर राहत नाही.

यूसीआयच्या नियमांत कपड्यांचंही बरंच आहे. जर्सीला बाह्या हव्यात, रोड रेसला बिनबाह्यांची जर्सी चालत नाही. शॉर्ट्स गुडघ्याच्या वर संपली पाहिजे. मोजा किती उंच असावा याचंसुद्धा माप आहे: घोट्याच्या हाडापासून गुडघ्याखालच्या बाहेरच्या हाडापर्यंत जेवढं अंतर, त्याच्या निम्म्याच्या वर मोजा जाता कामा नये. आपल्याकडच्या हौशी रेसमध्ये मोजे तपासत नाहीत, पण बाह्यांचा नियम बरेच जण पाळायला लावतात आणि तो पाळावा. पडल्यावर खांद्याची कातडी सोलवटते ती अशी की आठ दिवस कुशीवर झोपता येत नाही.

हे झालं लिहिलेलं. न लिहिलेलं त्याहून महत्त्वाचं आहे. रेसमध्ये तुम्ही एकटे सायकल चालवत नसता. घोळक्यात तुमच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर कुणीतरी असतो, ताशी 35 ते 40 च्या वेगात. त्याला रस्ता दिसत नाही, तुमची पाठ दिसते. म्हणून कपडे निवडताना आरशात समोरून बघू नका, त्या मागच्या माणसाच्या जागी बसून बघा. काय फडफडतंय? काय लोंबतंय? काय सुटून त्याच्या चाकाखाली जाऊ शकतं?

हे मी फार वाईट पद्धतीने शिकलो. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही बारा-तेरा जण त्र्यंबकहून परत येत होतो. ऊन चढलं होतं. मी घोळक्याच्या मधोमध होतो आणि तिथेच हँडल सोडून विंडचीटर काढायला घेतला. एक बाही निघाली, दुसरी मनगटाच्या घड्याळात अडकली. सुटलेली बाही वाऱ्याने मागे गेली ती थेट मागच्या चाकात. चाक जागच्या जागी थांबलं. मी कसाबसा उभा राहिलो, पण माझ्यामागचा मित्र माझ्यावर आदळून डांबरावर पडला आणि त्याची कॉलरबोन मोडली. सहा आठवडे त्याचा हात गळ्यात होता. त्याला भेटायला जायचो तेव्हा त्याची आई मला चहा द्यायची, एका शब्दाने बोलायची नाही. ते मला अजून जड जातं.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. काही काढायचं-घालायचं असेल तर हात वर करून घोळक्याच्या शेवटी जायचं, किंवा सरळ कडेला थांबायचं. जॅकेट कमरेला बांधायचं नाही, कधीच नाही. काढलेली वस्तू गुंडाळून जर्सीच्या मागच्या खिशात, पार तळापर्यंत. खिशातून डोकावणारा ग्लोव्ह पडला तर मागचा माणूस तो चुकवायला हँडल वळवतो, आणि पुढचं तुम्हीच समजा.

आता पोटाचं. घट्ट कपडे दिसण्यासाठी नसतात. सैल टी-शर्ट वाऱ्याने फुगतो आणि अख्खा वेळ तुम्हाला मागे ओढत राहतो, हा त्रास तुमचा एकट्याचा. पण सैल बर्म्युडाचा त्रास दोघांचा. चढाला तुम्ही पॅडलवर उभे राहता आणि पुन्हा बसायला जाता, तेव्हा तिचा घोळ सीटच्या टोकात अडकतो. क्षणभर तुम्ही ना उभे, ना बसलेले. सायकल डावी-उजवी डोलते आणि मागच्याला ब्रेक दाबावा लागतो. वडील ऑफिसला सायकलने जायचे तेव्हा उजव्या पायाच्या पॅन्टला स्टीलची क्लिप लावायचे, कापड चेनमध्ये जाऊ नये म्हणून. लायक्राची शॉर्ट्स म्हणजे त्याच क्लिपची पुढची पायरी समजा.

तरीही संकोच वाटत असेल तर साधी, गडद रंगाची जर्सी एक साइज मोठी घ्या आणि आत पॅडवाली शॉर्ट्स घालून वरून बेताची, मापात बसणारी दुसरी शॉर्ट्स घाला. कुणी काही म्हणणार नाही. पोट घेऊन येणारे तुम्ही पहिले नाही. स्टार्टला उभे राहाल तेव्हा आजूबाजूला निम्मी माणसं आपल्यासारखीच दिसतील, आणि पहिल्या पाच किलोमीटरनंतर कुणाचं लक्ष कुणाच्या पोटाकडे राहत नाही.

शॉर्ट्सबद्दल एक गोष्ट नवख्याला कुणी सांगत नाही: पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत अंडरवेअर घालायची नसते. तिच्या शिवणी घासतात, घाम धरून ठेवतात आणि तीस किलोमीटरनंतर मांडीच्या सांध्यात आग पेटते. पॅड थेट कातडीला लागण्यासाठीच बनवलेलं असतं. ते पूर्वी शॅमॉय नावाच्या मऊ कातड्याचं असायचं, म्हणून आजही त्याला तेच नाव आहे. खांद्यावर पट्टे असलेली बिब शॉर्ट्स घेतलीत तर पट्टे जर्सीच्या आत घालायचे, आणि पोटावर इलॅस्टिक काचत नाही हा तुमच्यासाठी मोठाच फायदा. महिलांच्या शॉर्ट्सच्या पॅडचा काप वेगळा असतो. घरातून आणखी कुणी उतरणार असेल तर तुमचीच जुनी देऊन भागवू नका. पैसे कमी असतील तर जर्सीवर वाचवा, शॉर्ट्सवर नको.

रंग काळाच घ्या. पांढरी शॉर्ट्स घामाने किंवा पावसाने पारदर्शक होते. काळीसुद्धा दोन-तीन वर्षांत मागच्या बाजूला विरते, आणि गंमत अशी की ते घालणाऱ्याला कधीच दिसत नाही. वापरलेली शॉर्ट्स उजेडाकडे धरून बघा, बोटं दिसली तर तिला निरोप द्या. मागच्या माणसाला तासभर तेच बघत बसायचं असतं. दुसऱ्याची विरलेली दिसली तर रेस संपल्यावर बाजूला घेऊन हळूच सांगा. मला असंच एका ज्येष्ठाने सांगितलं होतं, आणि राग यायच्या ऐवजी आभार मानावेसे वाटले.

आता पिवळी जर्सी. 1919 पासून टूर द फ्रान्समध्ये एकूण वेळेत सर्वांत पुढे असलेला रायडर ती घालतो. स्पर्धा भरवणारं 'लोतो' हे वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर छापलं जायचं, त्यावरून तो रंग आला असं मानतात. इटलीच्या जिरो या शर्यतीची जर्सी गुलाबी, तीही तिथल्या क्रीडा दैनिकाच्या गुलाबी कागदावरून. विश्वविजेत्याची पांढरी, छातीवर निळा, लाल, काळा, पिवळा, हिरवा असे पाच पट्टे. तो मान इतका काटेकोर की ज्या प्रकारात विजेतेपद मिळवलं त्याच प्रकारात ती घालायची, आणि वर्ष संपल्यावर फक्त बाहीच्या कडेला आणि कॉलरवर ते रंग मिरवायचे. हे कपडे विकत मिळत असले तरी घाम गाळून मिळवायचे असतात, म्हणून रेसमध्ये त्यांची नक्कल घालून उतरत नाहीत. मोठ्या अक्षरात इंडिया लिहिलेल्या जर्सीचंही तेच. ती देशाकडून खेळणाऱ्याची. मैत्रीची भेट आहे, तर रविवारी गंगापूर धरणावर फिरायला जाताना खुशाल घाला. साधी, चिन्ह नसलेली पिवळी जर्सी तर रेसलाही उत्तमच, धुक्यात दुरून दिसते.

नाशिकमध्ये हे मला जास्त जाणवतं त्याला कारण आहे. आपल्या गावातल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये रेस अक्रॉस अमेरिका दोघांच्या टीममध्ये पूर्ण केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत, सुमारे 4,800 किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. अशा शर्यतीचं नाव छातीवर असलेली जर्सी या गावात दिसली की लोक थांबून चौकशी करतात. म्हणून कुठल्याही स्पर्धेची फिनिशर जर्सी ती स्पर्धा पूर्ण केल्यावरच घालावी असं माझं ठाम मत आहे. हल्ली नोंदणीच्या वेळीच किटमध्ये ती देऊन टाकतात. तुम्हालाही मिळेल. घडी मोडू नका, फिनिश लाइन ओलांडल्यावर मोडा.

दुसऱ्या क्लबची जर्सीही घालू नका, अगदी भावाची असली तरी. घोळक्यात लोक जर्सी बघून डावपेच ठरवतात, तुम्हाला त्या टीमचे समजून कुणी पुढे जाऊ देईल, कुणी पाठलाग सोडेल.

रेसचा नंबर जर्सीच्या पाठीवर लावणं हे एक कामच आहे. तो घरी, आदल्या रात्री लावा. जर्सी अंगात घालून, हँडल धरल्यासारखं पुढे वाकून उभे राहा आणि घरच्यांना लावायला सांगा. गादीवर पसरून लावलेला नंबर अंगावर ताणला की पिना कापड फाडतात, किंवा तो फुगून फटफट वाजतो. चार कोपऱ्यांना चार पिना पुरत नाहीत, वरच्या-खालच्या कडेला मधे एकेक अशा सहा लावा. खिशाचं तोंड शिवलं जाणार नाही इकडे लक्ष द्या, नाहीतर केळं बाहेर काढता येत नाही. पिन फक्त जर्सीतून जाऊ द्या, आतल्या बिबच्या पट्ट्यातून नको. नंबर घडी घालून किंवा कापून छोटा करायचा नाही, आणि त्यावर जॅकेट घालायचं नाही. तुमची वेळ नोंदवणारा स्वयंसेवक पहाटेपासून थंडीत उभा असतो, त्याला तो आकडा एका नजरेत दिसला पाहिजे.

थंडीचं म्हणाल तर डिसेंबरात पहाटे सहाला सातपूरच्या पुढे बोटं बधिर होतात, ब्रेक दाबला की नाही ते कळत नाही. पूर्ण बोटांचे ग्लोव्हज घ्या. जाड स्वेटर नको. जर्सीवर आर्म वॉर्मर, म्हणजे सुट्या बाह्या, पुरतात, ते मनगटापर्यंत खाली सरकवता येतात. उताराला छाती गारठते त्यावर युरोपातल्या रायडर्सचा जुना उपाय म्हणजे जर्सीच्या आत वर्तमानपत्राची घडी. मी करतो, आणि पुढच्या पाण्याच्या ठिकाणी ती कचऱ्याच्या पिशवीत टाकतो. रस्त्यावर काहीही टाकायचं नाही, खायच्या एनर्जी जेलचं रिकामं पाकीटसुद्धा खिशातच परत जातं.

पायांवरचे केस काढायचे का, चष्म्याच्या काड्या हेल्मेटच्या पट्ट्यावरून की खालून, असले प्रश्न तुम्हाला कुणीतरी विचारेल. त्यात अडकू नका.

रेस झाली की सगळे मिसळीला जातात, तुम्हीही जा. पण पिशवीत एक ट्रॅक पॅन्ट, कोरडा टी-शर्ट आणि पंचा ठेवा. ओली शॉर्ट्स घालून हॉटेलच्या खुर्चीवर बसणं बरं नाही, आणि शेजारच्या टेबलावर कुटुंबं असतात. कपडे बदलायचे ते पंचा गुंडाळून, गाडीच्या आड. त्र्यंबकेश्वराच्या दर्शनाला जायचं मनात असेल तर नीट कपडे बदलून जा, क्लीटचे, म्हणजे पॅडलमध्ये अडकणारे, बूट बाहेर काढून.

घरी पोचल्यावर आधी शॉर्ट्स धुवायची, मग आडवं व्हायचं. उलटी करून, गार पाण्यात, साध्या साबणाने. फॅब्रिक कंडिशनर नको, त्याने पॅड घाम शोषत नाही. पिळायची नाही, दाबून पाणी काढायचं आणि बाल्कनीत सावलीला वाळत घालायची, पॅडची बाजू वर करून.